तारवाले आणि मी झोपवलेली माणसं

तारवाल्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे तर पाहिलंच नाही. माझ्या भांगाच्या वर कुठेतरी नजर लावून ते म्हणाले, "डोकं लहान आहे डॉक्टरीणबाई तुमचं. काही हरकत नाही. तार कमी लागते."

मी तेव्हा नागपुरात, धंतोलीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर म्हणून नवीनच लागले होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं. बाईमाणसानं भूल द्यायची म्हणजे पेशंट धड झोपेल की नाही, अशी शंका तेव्हा पुष्कळांना यायची. त्यामुळे टोमण्यांची तयारी ठेवूनच मी आले होते. पण डोक्याच्या आकारावरून कुणी बोलेल असं काही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं चांगलं मोठं दिसतंय. आत काही आहे का?" यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून तिथल्या तिथे स्वतःचं डोकं मोजून दाखवलं. त्या दिवशी सुरू झालेलं आमचं भांडण ते रिटायर होईपर्यंत चाललं. एवढं मन लावून मी माझ्या नवऱ्याशीसुद्धा कधी भांडले नाही.

खरं नाव त्यांना होतं, पण ते कुणी घेत नसे. लोकांच्या डोक्याला तारा चिकटवायचा धंदा, म्हणून सिस्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते तारवाले. बुटके, पोट पुढे, मिशा अशा की मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायच्या. आधी महाल भागात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून मुंबईला जाऊन मेंदूच्या लहरी काढायचं शिक्षण घेऊन आले आणि आमच्याकडे लागले. फिट येणाऱ्या पेशंटच्या डोक्यावर मोजपट्टीनं खुणा करायच्या, तिथे लेप लावून तारा बसवायच्या आणि कागदावर रेघा काढून डॉक्टरांना द्यायच्या, हे त्यांचं रोजचं काम. ही मोजपट्टी त्यांच्या खिशातून कधी गेली नाही. लग्नाला गेले तरी नवरीचा शालू बघायचा सोडून डोकी बघत बसायचे. आमच्या एका सिस्टरच्या लग्नात मुलाच्या वडिलांना भर मांडवात म्हणाले, "नवरदेवाचं डोकं डावीकडून भरलं आहे बरं का. चांगलं आहे, चांगलं आहे." व्याही जेवायचे राहिले. त्यांची समजूत काढता काढता आमच्या मेट्रनच्या नाकी नऊ आले.

पण मी सांगते आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल, थिएटरातल्या. आमच्याकडे वाकडी पाठ सरळ करायची ऑपरेशनं व्हायची. पाठीच्या कण्याला वरखाली आकडे अडकवायचे, मध्ये पोलादी दांडा बसवायचा आणि एकेक खाच पुढे सरकवत कणा ताणायचा. ताण जास्त झाला की आतली मज्जारज्जू दुखावते आणि पाठ सरळ झालेलं पोर कमरेखाली लुळं होऊन बसतं. हे होऊ नये म्हणून तारवाले. पेशंटच्या घोट्यापाशी ते बारीक बारीक विजेचे चिमटे द्यायचे. तो चिमटा पायातून कण्यात, कण्यातून मेंदूत चढायचा आणि डोक्यावरच्या तारांनी पकडला की मशीनच्या पडद्यावर हिरवी लाट उठायची. लाट आहे तोवर घोट्यापासून डोक्यापर्यंतचा रस्ता चालू. लाट बसली की रस्त्यात काहीतरी गडबड आहे. ऑपरेशन चालेल तितके तास त्या लाटेकडे बघत राहायचं. थिएटरात तंबाखू-सुपारीचा खर्रा चालत नाही, त्यामुळे दुसऱ्या तासापासून तारवाले सगळ्या जगावर चिडलेले असायचे.

ते मशीन विदेशातून आलं तेव्हा गावाबाहेर वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून होतं. कुठलासा कागद आडवा आला होता. तारवाले रोज मोपेडवरून वाडीला जायचे आणि पेटीजवळ बसून यायचे. सुटलं तेव्हा ट्रकच्या मागे गादी टाकून, पेटीला मिठी मारून ते हॉस्पिटलपर्यंत आले. त्यांची बायको मला म्हणाली होती, "आमच्या वरातीतसुद्धा हे माझ्याकडे इतकं पाहत नव्हते हो." नंतर त्याच मशीनला ते दिवसभर शिव्या घालायचे. "भैताड", "आळशी", "फुकटखाऊ". पण दुसऱ्या कुणी त्यावर चहाचा कप ठेवला तर मात्र त्या माणसाचं काही खरं नसायचं.

आता या मशीनची खोड अशी की पायाकडून येणारा तो चिमटा फार बारीक. आसपास काहीही विजेवर चालू असलं की मशीन तेच पकडायचं. आणि ऑपरेशनं व्हायची शाळांच्या सुट्ट्यांत, म्हणजे मे महिन्यात. नागपूरचा मे! अख्खं हॉस्पिटल कूलरच्या पाण्यावर जगत असायचं. तारवाले सकाळी यायचे आणि आमच्या मजल्यावरचे सगळे कूलर बंद करत फिरायचे. थिएटरचा एसी बंद, वऱ्हांड्यातले कूलर बंद, मेट्रनचा टेबलफॅन बंद. मेट्रन ओल्या टॉवेलनं मान पुसत शाप द्यायच्या. एकदा सुपरिंटेंडेंटसाहेबांकडे ट्रस्टी आलेले असताना यांनी त्यांच्या केबिनचा फ्यूज काढून खिशात टाकला. साहेब घामाघूम होऊन बाहेर आले. "माझा कूलर कुणी बंद केला?"

तारवाले शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा कूलर पेशंटच्या डोक्यात दिसून राहिला."

ट्रस्टी घाबरून आपल्या डोक्यावर हात ठेवून बसले.

माझ्याशी त्यांचं भांडण गॅसवरून. माझा भुलीचा गॅस जरा वाढला की त्यांची लाट लहान व्हायची. मग पडद्यामागून आवाज यायचा, "बाई, गॅस कमी करा. माझ्या लाटा मरून राहिल्या."

"कमी केला तर पेशंट उठून बसेल."

"बसू द्या न. विचारू त्याले, कसं वाटून राहिलं म्हणून."

"तारवाले, तुम्ही तुमच्या तारा बघा."

"त्याच पाहून राहिलो न बाप्पा! तिथं तुमचा गॅस दिसून राहिला!"

आमचे सर्जनसाहेब यात कधी पडायचे नाहीत. त्यांची तऱ्हा उलटी होती. आजूबाजूला जितका आरडाओरडा, तितका त्यांचा आवाज खाली जायचा. साहेब नेहमीच्या आवाजात बोलले की सिस्टर निवांत असायच्या. ते कुजबुजायला लागले की त्या मनात रामरक्षा म्हणायला लागायच्या.

मशीनवर साहेबांचा पूर्ण विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर तारवाल्यांनीच तो बसू दिला नव्हता. जरा लाट हलली की हे ओरडणार, "थांबा!" साहेब थांबायचे, सगळे थांबायचे, शोधाशोध व्हायची आणि शेवटी निघायचं काय, तर खालच्या मजल्यावर कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केलेली. एकदा तर बाजूच्या खोलीतल्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइटसाठी त्यांनी साहेबांना हातातलं काम सोडून उभं केलं होतं. म्हणून मशीन असलं तरी साहेब जुनी पद्धतही पाळायचे. खाचा सरकवून झाल्या की पेशंटला मधेच उठवायचं.

ऐकायला हे भयंकर वाटतं. पेशंट पालथा, पाठ उघडी, आत लोखंड, आणि मी त्याची भूल हलकी करून त्याला अर्धवट जागं करायचं. मग सांगायचं, मुठी आवळ. आता पाय हलव. हात आणि पाय दोन्ही हलले की देवाचे आभार मानून परत झोपवायचं. हात हलले आणि पाय नाही हलले, तर ताण लगेच सोडायचा. दुखण्याचं औषध चालू असतं, त्यामुळे दुखत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवतही नाही. अडचण एकच. त्या गुंगीत पोरं माझं ऐकायची नाहीत. मी आपली पुस्तकी मराठीत "बाळा, पाय हलव" म्हणत राहायची आणि बाळ ढिम्म.

या अडचणीवर तारवाल्यांनी तोडगा काढला, तो त्यांच्यासारखाच वेडा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते वॉर्डात जायचे आणि पेशंटच्या आईला गाठायचे. "घरी पोट्ट्याला कसं उठवता? तस्संच म्हणून दाखवा." आया लाजायच्या. डॉक्टरांच्या समोर कसं म्हणायचं? मग हे दरडावायचे, "शिव्या असल्या तरी चालते. शिव्या तं पाहिजेच. पोट्टे शिव्यानंच उठतात." मग ती माउली पदर तोंडाशी धरून एकदाची ओरडायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी थिएटरात, माझ्या शेजारी वाकून, या मिशाळ बुटक्या माणसाच्या तोंडून हुबेहूब त्या बाईचा आवाज निघायचा. "ऊठ रे मुडद्या, सूर्य डोक्शावर आला!" आणि टेबलावरचं पोर, नळ्या-तारांत गुंडाळलेलं, ताडकन पाय झाडायचं. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाला त्याची आजी आरती म्हणून उठवायची. यांनी टाळ्या वाजवून अख्खं कडवं म्हटलं. साहेबांच्या मास्कमागून हसण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या गावाला उठवणारा हा माणूस स्वतः मात्र घरी तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय उठत नाही, हे त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं होतं.

मग ती काटोलकडची मुलगी आली. सतरा-अठराची असेल. काळीसावळी, मोठे डोळे, जिभेला धार. घरी संत्र्यांचा बगीचा, खाऊनपिऊन सुखी. पण पाठीचा कणा एका बाजूला वळलेला आणि उजव्या खांद्यामागचा खवाटा वर आलेला. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी होऊन मोडली होती. तिचे वडील भेटेल त्याला विचारायचे, "सरळ होईन न पाठ?" साहेबांना विचारलं, मला विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं. मुलीनं मला वेगळंच सांगितलं. "पदर टिकत नाही मॅडम या खांद्यावर. घसरते. मायीच्या साडीचा पदर मले सरळ पडलेला पाहाचा हाय." आई वर्षभरापूर्वी गेली होती. मी तिला म्हटलं, पडेल हं पदर सरळ. म्हणायला माझं काय जात होतं?

तारवाले आपली नेहमीची चौकशी करायला आले तेव्हा मी तिच्याजवळच होते.

"घरी तुले कोण उठवते वं?"

"मले? कोणी नाही."

"काहून? बाप उठवत नाही?"

"बाबा अन् दोघं भाऊ, साऱ्यायले उठवाचं काम माह्यंच हाय. मले कोण उठवन?"

"मंग तू उठते कशी?"

"म्हैस ओरडते न. धार काढाची राहते तिची. ती ओरडली का माह्ये पाय आपोआप खाली."

तारवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. "माय काढली, बाप काढला, आजी काढली. म्हैस नाही काढली कधी."

"काढा न मंग. कायचं कठीण हाय त्यात?" असं म्हणून त्या पोरीनं, चादर अंगावर घेऊन बसल्या बसल्या, असा काही आवाज काढला की वॉर्डाच्या त्या टोकाला झोपलेली म्हातारी उठून बसली.

तारवाल्यांनी करून पाहिलं.

"नाही जी. हे तं मोटार सुरू होऊन राहिली."

पुन्हा केलं.

"बिमार म्हैस हाय तुमची. नाकातून नाही, पोटातून काढा. अन् शेवटी वर न्या."

वॉर्डातल्या बायका पोट धरून हसत होत्या. पोरगी मात्र गंभीर. शिकवायला बसली की कसूर नाही. तारवाले घाम पुसत रेकत होते, ती माना डोलावत होती. मी शेवटी म्हटलं, "तारवाले, एक सांगून ठेवते. आजवर तुमचं सगळं चालवून घेतलं. माझ्या थिएटरात म्हैस चालणार नाही. ही मोठी मुलगी आहे, माझ्या हाकेनं उठेल." संध्याकाळी ते मोपेडवरून महालापलीकडच्या कुठल्याशा गोठ्यात जाऊन आले, असं दुसऱ्या दिवशी कळलं. गवळ्यानं त्यांना दूध चोरायला आलेला समजून हाकललं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी तिला मी झोपवलं. केस तारवाल्यांनी कापू दिले नाहीत. मुलींचे केस ते कधीच कापू द्यायचे नाहीत. भांग पाडून, बोटांनी बटा बाजूला करून त्यांनी तारा बसवल्या. कूलर बंद, एसी बंद. साहेबांनी आकडे बसवले, दांडा घातला आणि खाचा सरकवायला सुरुवात केली. पाठ सरळ होत होती. ते डोळ्यांना दिसत होतं आणि मला त्या पदराची आठवण येत होती.

"थांबा," तारवाले म्हणाले.

ओरडले नाहीत. हळूच म्हणाले. म्हणून तर मी वळून पाहिलं.

साहेब म्हणाले, "कूलर बघा कुणाचा चालू आहे."

"सारे बंद आहेत साहेब."

"बाईंचा गॅस?"

"मघाचाच आहे," मी म्हटलं.

तारवाले चादरीखाली शिरले, घोट्याची तार चाचपली, डोक्याच्या तारा चाचपल्या आणि परत पडद्यासमोर आले. "तार जागेवर आहे. लाट नाही. होती, ती आता नाही."

साहेबांनी हातातलं अवजार खाली ठेवलं नाही. "मागे तुम्ही मला ट्यूबलाइटसाठी थांबवलं होतं."

"हो साहेब. तेव्हा मी गाढव होतो. आज काय आहे मला माहीत नाही. पण लाट नाही."

साहेब क्षणभर त्या जवळजवळ सरळ झालेल्या पाठीकडे बघत राहिले. अजून एखाद-दोन खाचांचंच काम उरलं होतं. मग ते म्हणाले, "बाई, उठवा." आणि ते कुजबुजले होते.

मी गॅस बंद केला. श्वास बदलले, नाडी वाढली. मी तिच्या कानाशी वाकून नाव घेतलं. मूठ आवळ गं. काही नाही. पुन्हा नाव घेतलं. गालावर थोपटलं. सिस्टरनं हाक मारली, मदतनीस डॉक्टरनं हाक मारली. ढिम्म. आता ही जागी नाही म्हणून हलत नाही, की आणखी काही, हे कळायला मार्ग नाही. आणि अशा अवस्थेत जास्त वेळ ठेवता येत नाही. घशात नळी आहे, पाठ उघडी आहे, एकदा जोरात खोकली तरी आकडे निसटायचे. माझे हात गार पडले होते. भर मे महिन्यात, कूलर बंद असताना, गार.

"बाई?" साहेब. ऐकू आलं नाही, ओठांवरच्या मास्कची हालचाल दिसली तेवढीच.

मी तारवाल्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, तोंड घट्ट मिटून. आयुष्यभर माझं एक अक्षर न ऐकणारा हा माणूस, नेमका आज माझा शब्द पाळत उभा!

"ओरडा हो!" मी किंचाळले. "माझ्याकडे काय बघता? ओरडा!"

ते वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि रेकले. काय सांगू कसा आवाज होता तो! पोटातून निघालेला, लांबलचक, शेवटी वर चढलेला. सिस्टरच्या हातातला चिमटा खाली पडला. बाहेरचा वॉर्डबॉय दार ढकलून आत डोकावला आणि तसाच मागे पळाला. आणि तिचा उजवा हात हलला. बोटं आवळली गेली, कोपर टेबलावर रेटायला लागलं. ती उठत होती. धार काढायला उठत होती ती.

"हात आला!" मी म्हटलं. "पाय बघा!"

सिस्टर चादरीखाली वाकलेली होती. "पाय नाही."

तारवाले पुन्हा रेकले.

"हात हलतो आहे डॉक्टर. पाय नाही. एकही नाही."

कुणी हसत नव्हतं. हात जागे होते आणि पाय नव्हते. साहेबांनी एक शब्द न बोलता खाचा मागे घ्यायला सुरुवात केली. सकाळपासून मिळवलेलं सगळं एकामागून एक सोडून दिलं. पाठ माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा वाकत गेली. मी तिला धड झोपू देत नव्हते, धड जागं होऊ देत नव्हते. तारवाले पडद्याला नाक लावून उभे होते आणि पुटपुटत होते, "काही नाही. काही नाही. अजून काही नाही." त्यांचा गाऊन पाठीला चिकटला होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं निम्मं अजून फेडायचं आहे.

"आली," ते म्हणाले. "लहान आहे. मरतुकडी आहे. पण आली."

"पुन्हा हाक द्या," साहेब म्हणाले.

या वेळी तारवाल्यांचा आवाज मधेच फाटला. म्हैस आजारी होती, घाबरलेली होती, पण म्हैसच होती.

"डावा!" सिस्टर ओरडली. "डावा अंगठा! उजवा पण! दोन्ही पाय डॉक्टर, दोन्ही! खाली टेकवायला बघून राहिली!"

मी तिला झोपवलं. चष्म्याच्या आत पाणी आल्यामुळे मला डायल दिसत नव्हती, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "आता ताणणार नाही. आहे तिथेच बांधतो." बाहेर आल्यावर तारवाल्यांनी खर्र्याची पुडी काढली, पण ती त्यांना काही उघडता येईना. मी उघडून दिली. आम्ही दोघं भांडायचंसुद्धा विसरलो होतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण छातीभर प्लास्टर घालून घरी गेलेली ती मुलगी काही महिन्यांनी ते काढायला परत आली. साहेबांच्या खोलीत प्लास्टर निघालं आणि वडिलांनी पाठ पाहिली. खवाटा थोडा खाली आला होता. थोडाच. ज्याला माहीत नाही त्याला फरक कळलाही नसता.

"हे तं तशीच हाय," ते म्हणाले.

साहेबांनी समजावलं. मज्जारज्जू, ताण, पायांना धोका, सगळं सांगितलं, आणि कधी नव्हे ते मोठ्यानं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं.

"पण साहेब, पाय तं तिचे पयलेच चालत होते. पायाले काय झालं होतं? आम्ही तं पाठीसाठी आणली होती न."

याला काय उत्तर आहे? मी आजही शोधते आहे. जे झालं नाही ते दाखवायचं कसं? मुलगी स्टुलावर पाठमोरी बसली होती, गाऊनच्या नाड्या हातात धरून. पदर पडेल सरळ, असं मी तिला म्हटलं होतं.

"कोणं थांबवलं म्हटलं?" वडिलांनी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले.

"साहेबांनी नाही." तारवाले दारात उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. "थांबा मी म्हटलं. तुमच्या पोरीच्या डोक्याच्या तारा माझ्या हातात होत्या." ते आत आले, मुलीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच मी त्यांना कुणाच्या डोक्याकडे न बघता डोळ्यांकडे बघताना पाहिलं. "पोरी, पाठ तुह्यी माह्यामुळं तशी राहिली. सरळ होऊन राहिली होती, मी होऊ देली नाही. तुले शिव्या देयाच्या असन तं मले दे. पण बसून देऊ नको. उभी राहून दे."

ती उठली. आधी वाटलं तोंड फिरवून निघून जाईल. पण नाही. एका हातानं गाऊन सावरत ती सरळ त्यांच्या अंगावर चालून गेली.

"कोणं सांगितलं होतं तुमाले थांबाले? मशीन तुमची जळो! तारा तुमच्या उंदरायनं खाव! मेले म्हशीवानी ओरडून राहिले म्हणे माह्या कानात! लाज नाही वाटली? माह्यं लगन मोडलं, माह्यी पाठ अर्धी राहिली, मायीची साडी तशीच पेटीत पडून हाय! भैताड मानूस! तुमची सोताची पाठ वाकडी होवो, मंग पाहा कसं वाटते!" आणि प्रत्येक वाक्याला ती पाय आपटत होती. चांगले दणदण, फरशी हादरेल असे. वडील "अवं, अवं" करत तिला ओढत होते, ती ऐकत नव्हती. काटोलकडच्या शिव्या मी नागपुरात पुष्कळ ऐकल्या आहेत, पण अशा मन भरून दिलेल्या नाही.

तारवाले हात जोडून उभे होते. मिशांवरून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझी एक बांगडी फुटली. "बाई, पाहून राहिल्या न?" ते म्हणाले. "पाहा, पाहा! दोन्ही पाय आपटून राहिली!"